दाढीवाल्या आयरिसला नुसती पानंच येतात, फूल एकही नाही. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी दाढीवाल्या आयरिसचे (लोंबत्या पाकळीवर दाढीसारखा केसाळ पट्टा असलेल्या फुलझाडाचे) पाच गड्डे लावले, शेणखत भरपूर घातलं, पाण्याचा एक दिवस चुकवला नाही, वरून पालापाचोळ्याचं जाड आच्छादन दिलं, आणि तरी नुसती पानंच. त्यात आता एक गड्डा बुडाशी मऊ लागतोय. वाचताना मला हसू आलं, कारण माझी पहिली दोन वर्षं हुबेहूब अशीच गेली होती. तुमच्या हातून हयगय झालेली नाही. झाले आहेत ते फाजील लाड.

पण आधी तो मऊ गड्डा बघा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. त्याच्या पानांचा पंखा हातात धरून हलकेच ओढा. पंखा बुडापासून अलगद सुटून आला आणि खाली ओलसर लगदा दिसला, तर ती मऊकूज आहे. तिचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही. बटाट्याच्या पोत्यात तळाशी एखादा सडला की येतो ना, तसाच. हे साम्य उगाच नाही, बटाटे सडवणारा पेक्टोबॅक्टेरियम नावाचा जिवाणूच इथेही हात मारतो. धडधाकट गड्ड्यात तो सहसा आपण होऊन शिरत नाही. त्याला आत यायला एखादी जखम लागते, म्हणजे खुरप्याचा घाव किंवा अळीने पाडलेलं भोक, आणि आल्यावर पसरायला ओल लागते. ओल तुम्ही रोज पुरवताच आहात.

आसपासची माती बोटांनी बाजूला करा आणि एक जुना चमचा घ्या, जो परत स्वयंपाकघरात जाणार नाही. कुजलेलं सगळं खरवडून काढा. खाली पांढरा, टणक, कच्चा बटाटा चिरल्यावर दिसतो तसा भाग लागेपर्यंत थांबू नका. ‘एवढं पुरे’ वाटल्यावर अजून थोडं खरवडा. मग जखम तशीच उघडी ठेवून दोन-चार दिवस ऊन खाऊ द्या. काही जण एक भाग घरगुती ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून त्या जागी लावतात. मी जखमेला उन्हावरच सोडते, पण चमचा आणि सुरी मात्र त्याच पाण्यात बुडवून घेते, नाहीतर आजार आपणच पुढच्या गड्ड्याला नेऊन देतो. काढलेला लगदा कंपोस्टमध्ये टाकू नका. हातमोजे घाला, काहींच्या त्वचेला याचा रस चावतो. घरात कुत्रं-मांजर असेल तर गड्डे त्याच्या तोंडापासून लांब ठेवा, पोटात गेले तर त्रास होतो.

आता फुलांचं.

मला पहिले गड्डे ओळखीच्या एका बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिले होते. मी ते घेतले आणि इतर कंद लावतात तसे चार बोटं खोल पुरले, वरून माती दाबली, पाणी घातलं. एक तुकडा उरला, वेडावाकडा, एकच मरतुकडं पान असलेला. तो मी भिंतीकडेच्या खडीवर फेकून दिला आणि विसरून गेले. पहिल्या वसंतात वाफ्यात तलवारीसारखी पानंच पानं. दुसऱ्या वसंतातही तेच. एका सकाळी कचरा वेचताना बघते तर खडीवरच्या त्या टाकाऊ तुकड्याने खाली मुळं सोडलेली, पाठ उन्हाने पार तपकिरी, सुरकुतलेली, आणि शेजारच्या कोंबातून वर आलेल्या दांड्यावर एक जांभळं फूल. त्याला मी ना खत घातलं होतं ना पाणी.

त्या दिवशी मी वाफा उकरला आणि सगळे गड्डे वर आणून बसवले. कसे बसवायचे? डोहात बसलेली म्हैस आठवा. अंग पाण्यात, पाठ वर. गड्ड्याची पाठ मातीच्या बाहेर दिसली पाहिजे आणि मुळं दोन्ही बाजूंनी खाली उतरली पाहिजेत. खड्ड्यात मधोमध मातीचा छोटा उंचवटा करा, गड्डा त्यावर घोड्यावर बसवल्यासारखा ठेवा, मुळं दोन्हीकडे पसरा, माती लोटून दाबा. माती फार रेताड असेल किंवा उन्हाळा भाजून काढणारा असेल, तर पाठीवर बोटभर मातीचा पातळ थर चालतो. त्याहून खोल नको. आणि ते आच्छादन आजच काढा. इतर झाडांना पालापाचोळा म्हणजे पांघरूण, पण याच्या गड्ड्यावर तो ओला कपडा होतो.

हा गड्डा म्हणजे आल्या-हळदीसारखं जमिनीलगत आडवं वाढणारं खोड असतं, आणि अन्नाचा साठा त्यातच असतो. आज बागेत दिसणाऱ्या जातींचे पूर्वज, आयरिस पॅलिडा, आयरिस व्हेरिगाटा वगैरे, दक्षिण आणि मध्य युरोपातल्या खडकाळ, उघड्या उतारांवरचे. पॅलिडा तर एड्रियाटिक समुद्राकाठच्या चुनखडीच्या डोंगरांवर वाढतो. तिथे पाऊस मुख्यतः थंडीच्या दिवसांत येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. फुलं संपली की झाड अर्धवट झोपतं, आणि त्याच कोरड्या दिवसांत गड्डा पुढच्या वर्षाची तयारी करतो. आपण नेमके तेव्हाच पाण्याची नळी घेऊन उभे असतो. हे गड्डे किती कोरडं सोसतात याची कल्पना यावी म्हणून सांगते: विकणारे ते मातीशिवाय, उघडे, नुसते खोक्यात भरून पाठवतात, आणि काही आठवडे तसेच पडून राहिले तरी लावल्यावर फुटतात.

म्हणून पाण्याचा हिशोब असा. नवीन लावल्यावर मुळं धरेपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, माती किंचित ओलसर ठेवा. मग वसंतात कळ्या येईपर्यंत फारच कोरडं पडलं तर एखादं पाणी. फुलं गेल्यावर हात आवरा. पाणी साचणारी चिकण माती असेल तर तिच्याशी भांडत बसू नका, वाफा वीतभर उंच करा. मातीत भरड वाळू किंवा बारीक खडी मिसळा.

खतात तर मी तुमच्यापेक्षा जास्त घाण केली होती. ताजं शेणखत आणि नत्र जास्त असलेली खतं पानं माजवतात, गड्डा ठिसूळ, पाणीदार होतो, फूल राहून जातं आणि कुजीला आयतं घर मिळतं. वसंताच्या सुरुवातीला हाडांची पूड किंवा नत्र कमी, स्फुरद-पालाश जास्त असं मूठभर खत गड्ड्यापासून वीतभर लांब गोलाकार टाका, बस्स. गड्ड्याच्या अंगावर खत पडू देऊ नका. तुमच्या मातीत आधीच इतकं शेणखत आहे की दोन वर्षं काहीच घातलं नाहीत तरी चालेल. ऊन मात्र दिवसाला किमान सहा तास हवं. झाडाखाली, भिंतीच्या सावलीत हा जगेल, फुलणार नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण सगळा निकाल तिच्यावर अवलंबून आहे: तुमच्याकडे हिवाळ्यात खरी थंडी पडते का? बहुतेक जातींना फुलण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे चांगला गारठा लागतो. तो नसेल तर वरचं सगळं अचूक करूनही वर्षानुवर्षं पानंच बघावी लागतील. तशा ठिकाणी माझं मत सरळ आहे, हट्ट सोडा. लुइझियाना आयरिस नावाचा गट उष्णता आणि ओल दोन्ही मानवून घेतो, दाढी नाही पण फूल देखणं. तो लावा.

हे नाव निघालंच आहे तर सांगते, तुमचा निम्मा घोळ इथेच झाला असावा. ‘आयरिसला भरपूर पाणी लागतं’ हा सल्ला खोटा नाही, तो दुसऱ्या आयरिसचा आहे. जपानी आयरिस वाढीच्या दिवसांत पाण्यात पाय ठेवून उभा राहतो, सैबेरियन आयरिसला ओलसर माती आवडते, आणि फुलवाल्यांकडे गुच्छात असतो तो डच आयरिस, तो तर कांद्यासारख्या कंदातून येतो आणि खोलच लावायचा असतो. नाव एक, स्वभाव चार. तुमचा दाढीवालाच आहे ना, हे फुलावरून कळेल: तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि लोंबत्या पाकळीच्या मध्यरेषेवर केसाळ पट्टा, बहुधा पिवळा किंवा केशरी. तीच दाढी. भुंग्याला आत जायची वाट ती दाखवते. फूल नसताना गड्डा बघा. जाड, बटाट्याच्या रंगाचा, मातीवर आडवा पसरलेला असेल तर हाच.

आता जे मला कोणी सुरुवातीला सांगितलं नव्हतं ते. एका गड्ड्याच्या टोकाला आयुष्यात एकदाच फूल येतं. फुललेलं टोक पुन्हा फुलत नाही, त्याच्या दोन्ही कुशीतून नवे गड्डे निघतात आणि पुढचं फूल त्यांना येतं. ‘मागच्या वर्षी फुललेला या वर्षी का रुसला’ याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं. असे नवे गड्डे निघत निघत तीन-चार वर्षांत जाळं इतकं दाट होतं की एकमेकांच्या अंगावर चढतात, ऊन कोणालाच लागत नाही आणि फुलं घटतात. तेव्हा विभागणी करायची.

विभागणीची वेळ फुलं संपल्यावर साधारण महिना-दीड महिन्याने, आणि लावणी कडाक्याची थंडी सुरू व्हायच्या निदान सहा आठवडे आधी आटपा. सगळं जाळं बागकामाच्या काट्याने उचला, माती झटका. मधले पानं नसलेले म्हातारे गड्डे टाकून द्या. कडेचे टणक, एक पंखा आणि चांगली मुळं असलेले ठेवा. पानं वीतभर ठेवून कापा, मुळं धरेपर्यंत त्यांचं ओझं नको. कापलेली जागा एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या. मग पंख्याचं तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा, कारण गड्डा पंख्याच्या दिशेनेच पुढे सरकतो. तोंड आत ठेवलीत तर दोन वर्षांत सगळे मध्ये येऊन भिडतात. उंच जातींना दीड-दोन वीत अंतर द्या. एरवी, विभागणी नसताना, हिरवी पानं नीटनेटकी दिसावीत म्हणून कापू नका. अन्न तीच तयार करतात. फक्त वाळलेली ओढून काढा आणि फुलून गेलेला दांडा बुडापासून कापा. थंडीआधी जुनी पानं साफ करणं महत्त्वाचं, आयरिस पोखरणारी अळी जिथे आढळते तिथे तिची अंडी त्याच पानांवर हिवाळा काढतात.

विभागणी केली की गड्डे जास्त होतात आणि देवाणघेवाण सुरू होते, तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘पिवळा लावला होता, जांभळा झाला.’ गड्डा रंग बदलत नाही हो. (क्वचित एखादा कोंब वेगळा निघतो, पण ते अपवाद.) होतं असं की जुना दणकट जांभळा शेजारी असतो, तो नाजूक पिवळ्याला खाऊन टाकतो. किंवा बोंड राहून जातं, बी तिथेच पडतं, आणि संकराचं बी आईसारखं येत नाही. आणि कोणी अस्सल लाल आयरिस देतो म्हणाला तर दोनदा विचारा. विटकरी मिळेल, मरून मिळेल, पण गुलाबासारखा लाल या झाडात अजून उतरलेला नाही.

पुढे जाती वाढवायच्या असतील तर उंचीचं बघा. २० सेंटिमीटरपर्यंतचे बुटके सगळ्यांत आधी फुलतात, ७० सेंटिमीटरच्या वरचे उंच सगळ्यांत शेवटी, मधले मध्ये. एक फूल दोन-तीन दिवसच टिकतं, पण उंच जातीच्या दांड्यावर सात-आठ कळ्या एकामागून एक उघडतात. तिन्ही उंचीचे ठेवलेत तर महिनाभराहून जास्त काळ काही ना काही फुललेलं राहतं. शरद ऋतूत पुन्हा फुलणाऱ्या जातीही आहेत, १९८२ सालची पांढरी ‘इमॉर्टॅलिटी’ त्यातली नावाजलेली. पण पहिल्या बहराचीच मारामार असताना तिच्या नादी लागू नका.

तुमच्या उरलेल्या चार गड्ड्यांचं म्हणाल तर आत्ता कळ्यांचा हंगाम नसेल तर उचलून वर बसवा, असेल तर नुसती पाठीवरची माती खरवडून मोकळी करा. येत्या वसंतात चारही फुलतील अशी आशा धरू नका. हलवलेले गड्डे बरेचदा एक वर्ष दम घेतात. थंडी सरल्यावर रोज नुसतं एक करा: पंख्याचं बूड दोन बोटांत धरून बघा. नुसती पानं असतील तर ते वहीसारखं चपटं लागतं. एके दिवशी त्यात आत पेन ठेवल्यासारखा गोल फुगवटा लागेल. लागला की शेजारी काठी रोवून ठेवा, पण गड्डा टाळून. उंच जातींचे दांडे पहिल्याच वाऱ्यात आडवे होतात.