‘द किलिंग’ या अमेरिकन गुन्हेमालिकेच्या पहिल्या सीझनचे १३ भाग बघूनही खुनी कळला नाही. पुढे बघावं की सोडावं?

पुढचा सीझन बघा, कारण रोझी लार्सनच्या खुनाचा उलगडा दुसऱ्या सीझनच्या अगदी शेवटच्या भागात होतो. प्रकरण एकच आहे आणि ते २६ भागांचं आहे. ‘रोझी लार्सनला कोणी मारलं?’ अशी जाहिरात करून २०११ साली पहिला सीझन उत्तराविनाच संपवला, म्हणून अमेरिकेतले प्रेक्षक तेव्हा प्रचंड चिडले होते. ती चीड रास्तच होती. मूळ डॅनिश मालिकेने (२००७) हेच प्रकरण २० भागांत, एकाच सीझनमध्ये संपवलं होतं. अमेरिकन आवृत्तीत सहा भाग वाढले आणि ताण तिथेच सैल पडतो: नवा संशयित येतो, दोन-तीन भाग त्याच्यामागे जातात, तो निर्दोष ठरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिक्षक बेनेट अहमदचा धागा हे याचं ठळक उदाहरण. तरीही मुलगी गमावलेल्या आईवडिलांचं दुःख इतक्या सबुरीने दाखवणाऱ्या गुन्हेमालिका फार थोड्या आहेत, आणि लिंडन-होल्डर ही तपास करणाऱ्या पोलिसांची जोडी दुसऱ्या सीझनमध्ये खरी खुलते.

मात्र सिअ‍ॅटलचा तो सततचा पाऊस, करडे रंग आणि संथ चाल यांचाच कंटाळा आला असेल, तर दुसऱ्या सीझनमध्येही तेच आहे. मग थेट तिसऱ्यावर जा: नवं प्रकरण, १२ भाग, बांधणी जास्त घट्ट. चौथा (६ भाग) तिसऱ्याच्या शेवटातूनच सुरू होतो, तो आधी बघू नका. मूळ डॅनिश मालिका बघितली असेल तरी हरकत नाही, अमेरिकन आवृत्तीत खुनी वेगळा आहे.