वेदना कमी, मग सहवेदनाही कमी?

“मॅडम, ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं जळतच नाही. मग मला कळणार कसं?”

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले एक गृहस्थ खुर्चीत टेकल्या टेकल्या हे बोलले. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) वय चाळिशीतलं. बोट मोडलं तेव्हा दोन दिवस तसेच कामावर गेले. सूज पाहून सहकाऱ्यांनीच दवाखान्यात नेलं. दाताचं काम हिरडी बधिर न करताच करून घेतात. याचा त्यांना थोडा अभिमानच होता. पत्नीला मात्र अर्धशिशीचा जुना त्रास. एका संध्याकाळी ती अंधाऱ्या खोलीत पडली असताना यांनी दिवा लावला आणि विचारलं, “अजून किती वेळ पडून राहणार आहेस?” ती एवढंच म्हणाली, “तुला कधी दुखलंच नाही, तुला काय कळणार!” आणि त्यानंतर डोकं दुखतंय हे त्यांना सांगणंच तिनं सोडून दिलं.

“मी आतून दगड आहे का?” असं त्यांना मला विचारायचं होतं.

या प्रश्नावर घाईघाईनं “छे, छे” म्हणणं मला पटत नाही. कारण त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये जोडप्यांवर केलेला एक प्रयोग मी त्यांना सांगितला. जोडीदाराच्या हाताला विजेचा झटका बसतोय हे नुसतं कळलं, तरी स्त्रियांच्या मेंदूतले काही भाग स्वतःला झटका बसल्यासारखे जागे झाले. पण सगळे नाहीत. कुठे आणि कसं दुखतंय याची नोंद ठेवणारे भाग शांत होते. ‘हे नकोसं आहे’ असं वाटायला लावणारे भाग जागे होते. म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्यापर्यंत पोचतं ते टोचणं म्हणून नव्हे, तळमळ म्हणून. 2016 च्या एका अभ्यासात तर पॅरासिटामॉल हे वेदनाशामक औषध घेतलेल्या लोकांना इतरांच्या वेदनेविषयी वाटणारी कळकळ थोडी कमी झालेली दिसली. तेव्हा स्वतःची वेदना आणि सहवेदना यांत नातं आहेच.

ते खाली बघत म्हणाले, “म्हणजे मी म्हणतो तेच.”

मग मी त्यांना ज्यांना जन्मापासून वेदनाच होत नाहीत अशा माणसांविषयी सांगितलं. निकोलस डान्झिगर या संशोधकांनी 2006 मध्ये अशा 12 जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इजा होतानाची दृश्यं दाखवली, पण त्यात ना चेहरा ना आवाज, तेव्हा ‘याला किती दुखलं असेल’ हा त्यांचा अंदाज कमी पडला. मात्र वेदनेनं पिळवटलेले चेहरे दाखवल्यावर त्यांनी ते इतरांइतकेच नीट ओळखले. आणि ज्यांचा स्वभाव मुळात दुसऱ्यासाठी हळवा होता, त्यांचे अंदाजही इतरांच्या जवळ गेले. आयुष्यात एकदाही न दुखलेली ही माणसं. तरी समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळत होतं.

“पत्नीचं डोकं दुखायला लागलं की तुम्हाला कशावरून समजतं?” मी विचारलं.

“ती डावा डोळा अर्धा मिटते,” ते लगेच म्हणाले. “दोन बोटांनी कानशील दाबते. आवाज खाली जातो. आणि भांडं हातातून ठेवताना आवाज होऊ नये म्हणून फार जपते.”

बोलता बोलता ते थांबले. मीही काही बोलले नाही. इतकं बारीक पाहणाऱ्या माणसाला दगड कसं म्हणायचं? त्यांची चूक पुढच्या पायरीवर होत होती. दिसलेलं सगळं ते स्वतःच्या मापानं मोजत होते: मोडलेल्या बोटानं मी काम करतो, मग डोकेदुखीत काय एवढं? चेहरा खरं सांगत होता आणि ते त्यावर विश्वास ठेवत नव्हते.

याच्या उलट टोकाची माणसंही माझ्याकडे येतात, म्हणून हे मी जोर देऊन लिहिते आहे. दुसऱ्याची जखम पाहून त्यांचेच हातपाय गार पडतात. आजारी आईच्या खोलीत त्यांना पाच मिनिटं थांबवत नाही आणि मग तेही स्वतःला निर्दयी म्हणतात. आपल्याला होणारा त्रास आणि समोरच्याविषयीची काळजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा लोंढा आला की दुसरीला जागाच उरत नाही.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. तिचं दुखणं किती, हे ती सांगेल; त्यांनी मोजायचं नाही. विचारायचं ते “आत्ता काय केलं तर बरं वाटेल?” एवढंच. सुरुवातीला हेही बिघडलं. दर अर्ध्या तासानं दाराशी जाऊन ते विचारत आणि दुखत असताना उत्तर देणं हाच तिला ताप होई. मग दुखत नसलेल्या एका दिवशी दोघांनी बसून बोलून घेतलं: अंधार, शांतता, उशाशी पाणी, आणि प्रश्न नकोत.

दीड-दोन महिन्यांनी ती त्यांच्याबरोबर आली. काही फरक वाटतो का, असं मी तिला विचारलं.

“परवा मी काही सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. “मी नुसतं कानशील दाबलं. यानं उठून दिवा घालवला.”