हंगेरीतल्या ऑफिसची भाषा: शब्दांची पीडीएफ पाठ करू का?

नाशिकहून एका मुलीचं पत्र आलंय. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन घेऊन बीई, आणि आता स्टिपेंडियम हंगेरिकम स्कॉलरशिपवर हंगेरीतल्या ग्यॉर शहरात एमएस्सीला निघालीय. पत्रातलं मुख्य ते देते: "मॅडम, मला एका सिनिअरने ऑफिसमधले इंग्लिश शब्द आणि त्यांचे हंगेरियन प्रतिशब्द अशी मोठी पीडीएफ पाठवलीय, रोज पाठ करते पण आठवड्याने अर्धे विसरलेले असतात. बाबा म्हणतात इंग्लिश येतं तेवढं बास, आणि शिकायचंच असेल तर जर्मन शीक. मला शिकून तिथेच नोकरी करायचीय. काय करू?"

अगं, आधी मनापासून अभिनंदन. हंगेरी सरकारची ही स्कॉलरशिप 2013 पासून आहे आणि ती मिळवायला चांगलीच धडपड करावी लागते, तू ती डिप्लोमाच्या वाटेने येऊन मिळवलीस याचं मला फार कौतुक वाटतं.

आता पीडीएफ. ती सध्या बाजूला ठेव. हंगेरियन शिकूच नको असं मी म्हणत नाहीये, शिकच, पण अशा यादीत एका बाजूला इंग्लिश शब्द आणि समोर हंगेरियन असं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की दोन्हीकडे गोष्ट एकच आहे, नुसतं नाव बदललं. तू जे ऑफिसचं इंग्लिश ऐकत आलीस ते आपल्या इथल्या कंपन्यांचं इंग्लिश आहे, सीटीसी म्हणजे पॅकेज, सीएल-पीएल म्हणजे रजा, नोटीस पिरियड, बॉन्ड, आणि त्या शब्दांमागे आपले इथले नियम आहेत. तिकडच्या शब्दांमागे तिकडचा कामगार कायदा आहे, 2012 चा. म्हणून शब्द शिकायचा तो त्याच्या नियमासकट शिकायचा, मग विसरायला होत नाही.

पगाराचंच घे. इथे पॅकेज म्हणजे वर्षाचे अमुक लाख, त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी सगळं धरून फुगवलेला आकडा. तिकडे पगार, म्हणजे फिझेतेश, महिन्याचा सांगतात आणि सांगतात तो ब्रुत्तो, कापाकापीच्या आधीचा. त्यातून 15 टक्के इन्कम टॅक्स आणि 18.5 टक्के सोशल सिक्युरिटी जाते आणि उरतं ते नेत्तो. म्हणजे तुला कोणी 6 लाख फोरिंट (फोरिंट हे तिकडचं चलन) ब्रुत्तो म्हणालं तर हातात साधारण 3 लाख 99 हजार येतील. कंपनी वर आणखी 13 टक्के कर सरकारला भरते पण तो तुझ्या आकड्यात धरत नाहीत, त्यामुळे इंटरव्ह्यूत सीटीसी विचारत बसू नकोस, समोरच्याला कळणारच नाही, ब्रुत्तो की नेत्तो एवढंच विचार. आणि जाहिरातीत कॉफेतेरिऑ लिहिलेलं दिसलं तर ते कॅन्टीन नाही बरं का! ते पगाराशिवायचे बेनिफिट्स असतात, बरेचदा सेप कार्ड नावाच्या कार्डावर जमा होतात आणि हॉटेल, खाणं, फिरणं अशा गोष्टींना वापरता येतात.

आता एक गोष्ट खास तुझ्यासाठी, कारण तुझ्याबाबतीत हा घोळ हमखास होणार. हंगेरियनमध्ये दिप्लोमॉ म्हणजे युनिव्हर्सिटीची डिग्री. तू पॉलिटेक्निकचा उल्लेख करून सहज म्हणालीस की माझ्याकडे डिप्लोमा आहे आणि नंतर बीई केलं, तर एचआरवाल्याला वाटेल हिच्याकडे दोन डिग्र्या आहेत, आणि मग कागद बघितल्यावर उगाच शंका येईल. सीव्हीत, त्याला तिकडे ओनेलेत्रॉय्झ म्हणतात, पॉलिटेक्निकसमोर स्पष्ट लिही की दहावीनंतरचा 3 वर्षांचा तांत्रिक कोर्स, आणि बीई ही बॅचलर डिग्री आहे असं लिही. नुसतं डिप्लोमा असं एका शब्दात सोडू नकोस.

नोकरीचं काँट्रॅक्ट हातात येईल ते नुसतं हंगेरियनमध्ये किंवा दोन भाषांत असेल, आणि दोन भाषांत असलं तरी शेवटी बहुतेक वेळा एक ओळ असते की फरक पडल्यास हंगेरियन मजकूर ग्राह्य. म्हणून त्यातले शब्द तुला स्वतःला वाचता आलेच पाहिजेत, मित्राने सांगितलं म्हणून सही नाही करायची. प्रोबॉइदो म्हणजे प्रोबेशन, कायद्याने साधारण जास्तीत जास्त 3 महिने, आणि या काळात तू किंवा कंपनी कारण न देता लगेच थांबू शकता, हे माहीत असू दे म्हणजे पहिल्या 3 महिन्यांत मोठं डिपॉझिट भरून फ्लॅट घेणार नाहीस. फेलमोन्दाश म्हणजे राजीनामा किंवा काढणं, दोन्हीला तोच शब्द, आणि नोटीस मूळ धरून 30 दिवस, आपल्याकडच्या 90 दिवसांची सवय असलेल्यांना हे खरंच वाटत नाही. सुट्टीला सॉबॉचाग म्हणतात, वर्षाला कमीत कमी 20 कामाचे दिवस आणि वय वाढेल तसे दिवस वाढतात, पंचविशीला एक जास्त. आजारपणाचे 15 दिवस वेगळे आणि त्या दिवसांचा पगार 70 टक्के, म्हणजे ताप आला म्हणून पीएल टाकायची आपली सवय तिकडे नेऊ नकोस.

पण खरं सांगू का, तुझ्यासारख्या मेकॅनिकलच्या मुलीला हंगेरियन लागणार ते ऑफिसपेक्षा शॉप फ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात मशीनजवळ. बुडापेस्टमध्ये मोठ्या मल्टिनॅशनल कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स आहेत, आपल्या टीसीएसचंही तिथे सेंटर आहे, अशा ठिकाणी इंग्लिशवर दिवस निघतो. ग्यॉर वेगळं आहे. तिथे ऑडीचा इंजिनांचा आणि गाड्यांचा प्लांट आहे, आजूबाजूला पार्ट्सच्या कंपन्या, आणि लाईनवरचा ऑपरेटर, मेंटेनन्सवाला, शिफ्टचा सुपरवायझर हे हंगेरियनच बोलणार. तुला मॅनेजरशी इंग्लिशमध्ये बोलता येईल पण मशीन का थांबलं ते ऑपरेटरला माहीत असतं. म्हणून तुझी पहिली यादी इथून कर. तिलोश म्हणजे मनाई, वेसेय म्हणजे धोका, वेस्कियाराट म्हणजे आपत्कालीन दरवाजा, हे तीन शब्द तर जायच्या आधीच डोळ्यांत बसले पाहिजेत कारण ते भिंतीवर लिहिलेले असतात आणि खाली इंग्लिश असेलच असं नाही. मग म्यूसॉक म्हणजे शिफ्ट, तूलोरॉ ओव्हरटाईम, शेलेय्त म्हणजे रिजेक्ट झालेला माल, कॉरबॉनतॉर्ताश मेंटेनन्स. इंटर्नशिपला गेलीस की वहीत रोज चार-पाच शब्द ऐकलेले लिहून काढ, कोण कशाबद्दल बोलत होतं तेही लिही, ते शब्द आयुष्यभर विसरणार नाहीस. मी इथे देवनागरीत फक्त उच्चाराच्या जवळपास लिहितेय, खरं स्पेलिंग तिकडचंच शीक, डोक्यावरच्या टिंबा-रेघांसकट, कारण त्या बदलल्या की शब्द बदलतो.

आणि घाबरू नकोस. लोक सांगतात हंगेरियन जगातली अवघड भाषा, इंग्लिश-जर्मनशी नातं नाही, फिनिश-एस्टोनियनची लांबची बहीण वगैरे, खरं आहे ते. पण मराठी माणसाला त्यातलं बरंच ओळखीचं वाटतं. आपण कसं ऑफिस, ऑफिसात, ऑफिसातून असं शेपूट लावत जातो तसंच ते इरोदॉ, इरोदाबॉन, इरोदाबोल करतात, इंग्लिशसारखे पुढे वेगळे शब्द लावायचे नाहीत. लिंग तर नाहीच, तो-ती-तेची कटकट संपली. तू आणि आपण हा फरक त्यांच्याकडेही आहे, 'ते' म्हणजे तू आणि 'ओन' म्हणजे आपण, बऱ्याच मल्टिनॅशनलमध्ये सरळ 'ते' चालतं पण सरकारी ऑफिसात, डॉक्टरकडे, वयस्कर माणसाशी ओनच म्हणायचं, हे तुला कोणी शिकवायची गरजच नाही, मराठी घरात वाढलीस. नावाचंही तसंच, आडनाव आधी, आपल्या मार्कशीटसारखं. फॉर्मवर आईचं नाव विचारतात पण ते तिचं लग्नाआधीचं नाव हवं असतं, म्हणून निघायच्या आधी आईच्या माहेरच्या नावाचा एखादा कागद स्कॅन करून ठेव आणि सगळीकडे एकच स्पेलिंग लिही.

ऑफिसातले बाकीचे बरेच शब्द त्यांनी इंग्लिशमधूनच घेतलेत, प्रोजेक्ट, मीटिंग, होम ऑफिस, ते पाठ करण्यात वेळ घालवूच नकोस. फक्त ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दाला लगेच आपला अर्थ लावू नकोस, फ्लुक्तुआत्सियो म्हणजे माणसं नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण आणि ऑक्तुआलिश म्हणजे सध्याचं.

क्लासला आत्ता पैसे घालू नकोस. तुझ्या स्कॉलरशिपमध्ये पहिल्या वर्षी हंगेरियनचा कोर्स आहेच आणि तो करावाच लागतो, बरीच मुलं तो हजेरीपुरता करतात, तू तो सिरियसली कर. जायच्या आधी फक्त लिपी वाचता आली पाहिजे, एस म्हणजे श आणि एस-झेड म्हणजे स, एवढ्यानेच अर्ध्या पाट्या वाचता येतात, आणि आकडे. बाकी वेळ इंग्लिशमध्ये बोलण्याला दे, कारण तुझं पत्र छान आहे पण सोबत पाठवलेला इंग्लिश सीव्ही वाचून तू काय काम केलंस ते मला कळलं नाही. बीईच्या प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय डिझाइन केलंस, कुठे अडलं, कसं सोडवलं, हे दोन मिनिटांत इंग्लिशमध्ये सांगता येईपर्यंत रोज मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐक.

बाबांचं जर्मनचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांना सांग. ग्यॉर ऑस्ट्रियाच्या बॉर्डरजवळ आहे, ऑडी जर्मन, त्यामुळे तिथे जर्मनला चांगली किंमत आहे. पण दोन नव्या भाषा आणि एमएस्सी एकदम ओढू नकोस. पहिलं वर्ष हंगेरियन, आणि दुसऱ्या सेमिस्टरनंतर इंटर्नशिप कुठे मिळतेय ते बघून जर्मन सुरू करायचं का ते ठरवू. सुधारलेला सीव्ही मला पाठव, पॉलिटेक्निकची ओळ बदलून.