14,000 डॉलरची बोट आणि न लागणारं दार

प्रश्न असा आहे: मेरीलँडमधल्या ॲनापोलिसच्या एका मराठी जोडप्याला 1978 ची, 30 फुटी फायबरग्लासची शिडाची बोट 14,000 डॉलरला मिळते आहे. 401(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती-बचत खात्यातून, 20,000 डॉलरचं कर्ज काढून ती घ्यावी का? जाता जाता त्यांनी लिहिलंय की डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा ताणल्या की आतल्या शौचालयाचं दार चौकटीत अडकतं. ‘जुन्या बोटींत एवढं चालायचंच,’ असं विकणाऱ्यांचं म्हणणं.

तुम्ही व्याजाचा हिशोब नीट मांडलाय, पण पैसे जातील ते या दारातून.

पाव इंची स्टीलची तार साडेतीन टनांपलीकडे तुटते आणि तिला त्याच्या पंधरा-वीस टक्के ताण देतात. म्हणजे एकेका तारेत पाच-सातशे किलो, वारा भरण्याआधीच. बाजूच्या तारा बोटीच्या कडा वर ओढतात, पुढची-मागची तार दोन्ही टोकं उचलते आणि या सगळ्याचा भार डोलकाठी मधोमध खाली दाबते. वर्षानुवर्षं असा ताण राहिला की फायबरग्लास हळूहळू वाकतं आणि पुरतं परत येत नाही. शर्यतीत धावलेल्या, मागची तार कायम करकचून ठेवलेल्या बोटींबाबत तर जास्तच सावध राहावं.

दार अडकण्यामागे दोन कारणं असू शकतात आणि तुमचा निर्णय त्यांवरच ठरेल. एक म्हणजे डोलकाठीखालच्या खांबाच्या बुडाचं लाकूड, किंवा डेकच्या (बोटीच्या वरच्या छताच्या) दोन थरांमधलं बाल्साचं हलकं लाकूड वा प्लायवूड, पाणी मुरून कुजलेलं असतं. खांब खचतो, डेक बसतं, तारा सैल पडतात. मालक त्या आणखी आवळतो आणि खांब आणखी खचतो. हे काम कटकटीचं, पण त्याचा खर्च आधी मोजता येतो. दुसरं, हलच, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवचच, वाकलेलं असतं, किंवा तारांचा भार पेलणारी बल्कहेड, म्हणजे आतली आडवी भिंत, हलपासून सुटलेली असते. मग दुरुस्ती बोटीच्या किमतीच्या वर सहज जाते आणि पुढे गिऱ्हाईक मिळत नाही.

नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधा, डोलकाठीवर खूण करा आणि तारा सैल केल्यावर खूण किती सरकते ते बघा. सैल तारांनीही दार अडकत असेल तर वाक कायमचा बसलाय असं समजा. सुटत असेल तरी खांबाखालचं लाकूड टोचून बघायला हवंच.

सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, तुम्ही निवडलेला हवा. तो बोटीच्या लांबीवर, फुटामागे पैसे घेतो. बोट पाण्याबाहेर काढायचे आणि रिगरचे (डोलकाठी-तारांचं काम करणाऱ्याचे) पैसे वेगळे. मेरीलँडचा 5 टक्के कर धरा, म्हणजे 700 डॉलर. इतक्या जुन्या बोटीला विमा कंपनी बहुधा सर्व्हे मागते आणि तो पाहून नकारही देऊ शकते.

401(के) ला मात्र हात लावू नका. कायद्याने तुमच्या हक्काच्या शिलकीच्या निम्मे किंवा 50,000 डॉलर, यांतली कमी रक्कम पाच वर्षांसाठी मिळते, हे खरं. पण नोकरी गेली आणि त्या वर्षीचं विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत बाकी फेडली नाही, तर ती तुमचं उत्पन्न धरली जाते आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर सहसा वर 10 टक्के दंड. घरासाठी एखाद्याने ही जोखीम घेतली तर मी समजू शकतो. इथे ती घ्यायची आहे चाळिशी ओलांडलेल्या बोटीसाठी, जी मोडीत काढायलाही पैसे मोजावे लागतात.

बोट रोखीनेच घ्या. सर्व्हे पटला नाही तर बयाणा परत, असं लेखी ठरवा. पहिलं कारण निघालं तर रिगरचा लेखी अंदाज किमतीतून वजा करून बोला. दुसरं निघालं तर फुकटही घेऊ नका. आणि विकणारे तारा सैल करून दाखवायला कां-कूं करत असतील, तर सर्व्हेवरही खर्च करू नका.