पूरग्रस्तांसाठी गाडी भरायच्या आधी तिथे एक फोन करा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचे आम्हीच डोळ्यासमोर उभे राहिलो. एरंडोलच्या तुमच्या ग्रुपने मराठवाड्यातल्या पूरग्रस्तांसाठी कपड्यांची तीस-चाळीस पोती जमवलीत, ४३ हजार रुपये वर्गणी झालीय, घरोघरच्या बाया दशम्या करून देणार आहेत, रविवारी आयशर धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याकडे निघतोय आणि तुम्ही फक्त विचारलंय की रस्ता कुठून बरा. रस्त्याचं शेवटी सांगतो. आधी गाडी थांबवा. राग मानू नका, तुमच्या मनाबद्दल मला एक टक्काही शंका नाही, आमचंही मन असंच होतं.

ऑगस्ट २०१९. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, धोक्याची पातळी ४५, टीव्हीवर दिवसरात्र तेच आणि ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली त्या दिवशी तर आमच्या गल्लीत कोणाला धड जेवण गेलं नाही. मी अमळनेर तालुक्यातला. मंडळाच्या पोरांनी तीन दिवसांत ६० पोती कपडे, तांदूळ, डाळ, बिस्किटं आणि ६१ हजार रुपये जमवले. माझ्या मायने आणि गल्लीतल्या बायांनी रात्रभर बसून दशम्या केल्या, दुधात पीठ भिजवलेल्या, आपल्याकडे प्रवासाला नेतात तशा. १२ तारखेला रात्री निघालो, पाचशे किलोमीटरच्या वर रस्ता, १३ ला संध्याकाळी पोचलो. कोणाकडे पोचलो? तर कोणाकडेच नाही. तिथल्या एकाही माणसाचा नंबर आमच्याकडे नव्हता. वाटलं होतं पूर आलाय, लोक रस्त्यावर असतील, गाडी उभी करू आणि वाटू. आमची सगळ्यात मोठी चूक ती हीच, बाकी सगळं तिच्यातूनच झालं.

तिथे गाडी अडवली आणि एका ऑफिसकडे पाठवलं. नाव घेत नाही, कारण त्याच काळात दुसऱ्या ऑफिसांतली माणसं छातीभर पाण्यात उभी राहून कामं करत होती हेही मी पाहिलंय. पण या ऑफिसात टेबलामागच्या साहेबांनी सांगितलं की परस्पर वाटप करायचं नाही, सगळा माल आमच्या गोडाऊनला जमा करा, आणि त्याआधी पोत्यागणिक यादी तीन प्रतींत द्या. आता झेरॉक्सची दुकानं तर चिखलाने भरलेली, आम्ही गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून मोबाईलच्या उजेडात हाताने तीन-तीनदा लिहून काढलं. १४ ला यादी नेली तर गोडाऊनची चावी ज्याच्याकडे तो माणूस दौऱ्यावर. १५ ला झेंडावंदन आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा, कोणी फिरकलंच नाही. आम्ही पाच जण गाडीखाली झोपलो, वरून पाऊस. चारशे पावलांवरच्या शाळेत माणसं भुकेली आणि आमच्या गाडीत अन्न, आणि मध्ये एक कुलूप. सहा वर्षं झाली तरी हे आठवलं की माझा हात थरथरतो. तेव्हा भांडायला हवं होतं, वरच्या साहेबाला फोन लावायला हवा होता, पण परक्या जिल्ह्यात आपण कोण या धाकाने गप्प बसलो.

१६ ला माल उतरवून घेतला. दशम्या गरम असतानाच प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधल्या होत्या, पिशवी सोडली तर आतून पाण्याचे थेंब आणि दशमीवर पांढरी-हिरवी बुरशी, तंतू सुटलेले. तीन पोती दशम्या जेसीबीने खड्डा करून पुरल्या. त्या रात्री मायचा फोन, "पोचन्यात ना रे भाऊ दशम्या?" मी हो म्हणालो. तिला अजून खरं सांगितलेलं नाही.

आणि कपडे. शाळेच्या पटांगणात आमच्या आधीच कपड्यांचा डोंगर पडलेला, भिजलेला, त्यावर कुत्री बसलेली. एका मावशींनी आमच्या पोत्यातून जरीची साडी काढली, हात फिरवला आणि परत ठेवली. म्हणाल्या, दादा, परकर आहे का? ६० पोत्यांत एक परकर नव्हता. आतले कपडे नाहीत, सॅनिटरी पॅड नाहीत, लहान लेकरांचं काही नाही. नुसत्या साड्या, पँटी आणि चेन तुटलेली जॅकेटं. आणि हिशेब सांगतो, ६१ हजारातले ३४ हजार गाडीचं भाडं, डिझेल आणि वेटिंगमध्ये गेले. लोकांनी पूरग्रस्तांना दिलेले पैसे आम्ही रस्त्यावर जाळले.

आता माझं मत, पटलं तर घ्या, मी काही या विषयातला तज्ज्ञ नाही. लांबच्या जिल्ह्यात वस्तू पाठवूच नका, पैसे पाठवा, आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या माणसाकडे पाठवा. पूर आल्यावर रातोरात उगवलेल्या ग्रुपकडे नाही. गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक, बचत गटाच्या ताई, आशा ताई, यांना कोणाचं घर पडलंय आणि कोण नुसता रांगेत उभा आहे हे बरोबर माहीत असतं. त्यांना विचारायचं की आज काय लागतंय आणि पंधरा दिवसांनी काय लागेल. सामान परांड्याला द्यायचं तर बार्शीच्या बाजारात घ्या, तिथून जवळ आहे, भाडं वाचतं आणि तिकडच्या दुकानदाराचाही गल्ला चालतो. बिल मात्र दुकानदाराकडून थेट आपल्या व्हॉट्सॲपवर मागवायचं, त्यात लाजायचं नाही.

मी हे शिकलो चाळीसगावला. ३१ ऑगस्ट २०२१, तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, शेजारच्या कन्नड घाटात दरडी कोसळल्या. या वेळी पोरं परत कपडे गोळा करायला निघाली तर मी दारात आडवा झालो. ओळखीतल्या एका शिक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, कपडे नको, घरात गुडघाभर गाळ आहे आणि जी गुरं वाचलीत त्यांना खायला काडी नाही. मग आम्ही सरकी ढेप आणि मक्याची कुट्टी नेली, सोबत फावडी, घमेली, खराटे आणि ब्लीचिंग पावडर. दोन तासांचा रस्ता, त्यामुळे वस्तू नेणं परवडलं. एका म्हाताऱ्या बाबांनी ढेपेचं पोतं सोडून गायीपुढे ओंजळ धरली, गाय खायला लागली तेव्हा ते तिथेच खाली बसले. दिवसभरात वाटप झालं, संध्याकाळी घरी.

तुमच्याकडच्या कपड्यांचं: ती पोती फोडा, धुतलेले, न फाटलेले, बटणं-चेन शाबूत असलेले वेगळे काढा. गूंजसारख्या संस्था कपडे निवडून, दुरुस्त करून मग देतात, त्यांना विचारा काय चालतं. किंवा आपल्याच सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर थंडीच्या आधी स्वेटर-गोधड्या लागतात, पण तिथेही आधी विचारूनच. आणि दशम्या करूच देऊ नका. बायांचं मन मोडेल, तरी सांगा.

४३ हजारांपैकी अर्धे थांबवून ठेवा असं मी म्हणेन. इथे ग्रुपवाले तुम्हाला शिव्या देतील, पैसे दाबले म्हणतील, म्हणून आजच हिशेब लिहून सगळ्यांना टाका. पहिल्या आठवड्यात गाड्यांची रांग लागते, महिन्याने कोणी नसतं. तिकडे सीना नदीकाठची जमीन खरडून गेलीय, विहिरी गाळाने भरल्यात, त्या शेतकऱ्याला रब्बीच्या पेरणीला हरभऱ्याचं, ज्वारीचं बियाणं लागणार आणि दिवाळीनंतर पोरांना वह्या-दप्तरं. तेव्हाचे २० हजार आजच्या ४० हजारांच्या तोडीचे असतात.

माणूस ओळखीचा मिळालाच नाही तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीत भरा, वेबसाइट स्वतः टाईप करून उघडा, फॉरवर्ड आलेल्या लिंकवरून किंवा क्यूआरवरून नाही. २०२० मध्ये पीएम केअर्सच्या खऱ्या यूपीआय आयडीतलं एकच अक्षर गाळून खोटा आयडी बनवला होता. पैसे सोडायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं ते वाचा. टॅक्सचं विचाराल तर मी सीए नाही, पण जुन्या करपद्धतीत मुख्यमंत्री निधीला दिलेल्या पूर्ण रकमेची उत्पन्नातून वजावट मिळते, ट्रस्टला बहुतेक वेळा निम्म्याची, २ हजारांच्या वर रोख दिली तर नाही आणि वस्तूंना तर नाहीच. नव्या करपद्धतीत ही वजावट नाही. वर्गणीची पावती फाडायला पण धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळाचा कोणी सोबत असेल तर त्याला विचारा, त्याला माहीत असतं.

अजून एक, गाडीला बॅनर लावू नका आणि घेणाऱ्याचा चेहरा दिसेल असा फोटो काढू नका. वर्गणी देणाऱ्यांना दाखवायला सामानाचा आणि बिलाचा फोटो पुरतो.

रस्त्याचं विचारलं होतं: कन्नड घाटात जड वाहनांना २०२३ पासून बंदी आहे, त्यामुळे आयशर तिकडून घालायच्या आधी ड्रायव्हरला विचारून घ्या. पण माझं ऐकाल तर रविवारचं बुकिंग आजच रद्द करा, ॲडव्हान्स थोडा बुडेल, बुडू द्या. परांड्याकडच्या एखाद्या शाळेच्या सरांचा नंबर मिळाला की इथे कळवा. मी शनिवारी एरंडोलला कामाने येतोय, यादी करायला तुमच्यासोबत बसतो.