आईचे पंचवीस निरोप

पुणे

प्रिय लेखकमित्रा,

कथेचा आराखडा वाचला. नारायण पेठेतल्या वाड्यातून निघालेला मुलगा प्रकाशाच्या 99 टक्के वेगाने जातो आणि यानात 15 वर्षं काढून परततो. हिशेब केलास का? एवढ्या वेगात यानातला काळ इथल्यापेक्षा संथ जातो; तेवढ्यात इथे 106 वर्षं उलटतात. ओळखणारं कुणी उरलंच नाही, तर तो परत येतो कुणाकडे? वेग 80 टक्के धर. यानात 15, पुण्यात 25. तो 20चा निघून 35चा येतो; आई 45ची होती, ती 70ची. दोघं एकमेकांना ओळखतात, आणि तेच जड जातं.

आता आई दर वाढदिवसाला रेडिओवरून आवाजातला एक निरोप पाठवते. तो निघाला तोही तिचाच वाढदिवस. जाताना यान निरोपापासून लांब पळतं, म्हणून त्याला यानाच्या घड्याळाने दर तीन वर्षांनी एक मिळतो: साडेसात वर्षांत दोनच. मागे वळला की दोन महिन्यांत तिसरा, पुढे दर चार महिन्यांनी एक. पंचविसावा तो पोचतो त्याच दिवशी. येताना आई त्याच्या कानांत भराभर म्हातारी होते. हे कुठल्याही शास्त्रज्ञ पात्राकडून वदवू नकोस. आवाजातला कंप वाढू दे, बस.

लिहिण्याआधी दोन रकाने आख: पुण्याची तारीख, यानाची तारीख. नाहीतर दहाव्या पानावर आई न पोचलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन बसेल. वळताना त्याने विचारलेलं तिला पुण्याच्या रकान्यात साडेबाविसाव्या वर्षी मिळतं. तेविसाव्या निरोपाआधी उत्तर येऊच शकत नाही.

आराखड्यात आठवण ही टेपसारखी आहे, ते मात्र चुकतंय. आठवण जागी झाली की मऊ होते आणि पुन्हा थिजते. 2000 साली उंदरांवर प्रयोग झाला: भीतीची आठवण जागी करून लगेच मेंदूत प्रथिनं बनणं औषधाने रोखलं, तर ती विरली. जागी न करता तेच औषध दिलं, तर टिकली.

म्हणून आईला 12 जुलै 1961चा पानशेतचा पूर तीनदा सांगू दे: दुसऱ्या, अकराव्या, चोविसाव्या निरोपात. तेव्हा ती दहा वर्षांची हवी, म्हणजे यान 1996 साली निघतं. इतिहासाकडून एवढी एकच सूट घे. आधी वडील तिला खांद्यावर घेतात. मग तीच धाकट्या भावाला कडेवर घेते. शेवटी भाऊ नाहीच, पाणी तेवढं आहे. ती खोटं बोलत नाही. फरक यंत्राला शोधू देऊ नकोस. मुलगा एका रात्री दुसरा निरोप पुन्हा ऐकतो आणि मधेच थांबवतो.

आधी तक्ता पाठव, कथा नंतर.

तुझा,
एक वाचक