पेरून म्हणजे स्लाव्ह लोकांचा झ्यूसच का? स्लाव्ह आणि ग्रीक-रोमन देवतांची तुलना कशी करता येईल?

पेरून हा स्लाव्ह लोकांचा, म्हणजे रशियन, पोलिश वगैरेंच्या पूर्वजांचा वीजदेव, तर झ्यूस ग्रीकांचा देवराज. पेरूनपुरतं बोलायचं तर बऱ्याच अंशी हो. दोघंही वीज पाडणारे, दोघांचंही झाड ओक. सहाव्या शतकातल्या बायझंटाईन (पूर्व रोमन) इतिहासकार प्रोकोपियसने लिहून ठेवलंय, की स्लाव्ह लोक वीज निर्माण करणाऱ्या देवाला सगळ्यांचा स्वामी मानतात आणि त्याला गुरं बळी देतात.

त्यापुढे मात्र मी जपून बोलेन. झ्यूसच्या भानगडी आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्याला पूजणाऱ्यांनीच त्या चवीने लिहिल्या. पेरूनबद्दल लिहिलं ते परक्यांनी, नाहीतर ख्रिस्ती भिक्षूंनी. कीव्हच्या व्लादिमीरने ९८० साली त्याची लाकडी मूर्ती उभारली. डोकं चांदीचं, मिशी सोन्याची. ९८८ मध्ये तोच राजा ख्रिस्ती झाला आणि तीच मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून, बारा जणांकडून काठ्यांनी बडवत नीपर नदीपर्यंत फरफटत नेली. हे कळतं, पण पेरूनची बायको कोण, बाप कोण, याची धड कथा नाही. पेरून आणि दुसरा स्लाव्ह देव वेलेस यांच्या वैराची गोष्ट इंटरनेटवर रंगवून सांगतात, ती विसाव्या शतकात इवानोव आणि तोपोरोव या रशियन अभ्यासकांनी लोककथांचे तुकडे जोडून उभी केली. तर्क म्हणून उत्तम, पण पुराण नव्हे.

‘अमुक म्हणजे तमुक’ ही कोष्टकंही जुनीच. एका बायझंटाईन इतिहासग्रंथाच्या स्लाव्ह भाषांतरात ग्रीकांचा लोहारदेव हेफायस्टसला स्वारोग आणि सूर्यदेव हेलिओसला दाझबोग, अशी स्लाव्ह देवांची नावं दिलीत. पंधराव्या शतकात पोलंडच्या इतिहासकार द्वुगोशने तर ज्युपिटर, डायना, प्लूटो अशा रोमन देवांना जुळणाऱ्या पोलिश देवांची यादीच केली. तिच्यातल्या कित्येक देवांच्या अस्तित्वावरच अभ्यासक शंका घेतात.

आणि आर्कोनाच्या स्वेंतोवितला कोणत्या रकान्यात बसवणार? बाल्टिक समुद्रातल्या रुगेन बेटावर आर्कोनाला देऊळ असलेल्या या स्लाव्ह देवाला चार डोकी. गाभारा झाडताना पुजाऱ्याने आत श्वास सोडायचा नाही, दाराशी पळत येऊन सोडायचा. सुगीनंतर माणसाएवढा मधाचा केक ठेवायचा, त्यामागे उभं राहून लोकांना विचारायचं, ‘मी दिसतो का?’ दिसतो म्हणाले, तर पुढच्या वर्षी दिसू नये इतकं पिकू दे, अशी प्रार्थना. ११६८ मध्ये डेन्मार्कच्या सैन्याने ती मूर्ती तोडली. हे सारं डॅनिश इतिहासकार साक्सोमुळे कळतं, म्हणजे पुन्हा जिंकणाऱ्यांच्याच गोटातून.

पेरूनचा जवळचा भाऊबंद हवा असेल, तर ग्रीक देवांच्या ऑलिम्पसआधी शेजारच्या लिथुआनियातला वीजदेव पेर्कूनास बघा.